मोहाच्या बियांचा भाव

"आज माल नहीं लेंगे," असं म्हणत पहारेकऱ्याने टेम्पो फाटकाबाहेरच थांबवला.

नवसी पोत्यांवरून खाली उतरली. तिच्या मागून शेजारणी ठकी आणि लाडकी उतरल्या. पोत्यांत त्यांच्या पाड्यावरच्या सगळ्या घरांच्या मोहाच्या बिया होत्या. बायांनी रानात फिरून फळं गोळा केली होती, फोडली होती, बिया अंगणात वाळवल्या होत्या. दरवर्षी हा माल मनोरच्या शेठकडे जायचा. तो बदल्यात मीठ-मिरची आणि थोडे तांदूळ द्यायचा, आणि माल बोईसरच्या या कारखान्याला विकायचा. इथे बियांच्या तेलापासून साबणात घालायचं ॲसिड बनायचं.

यंदा थेट कारखान्यात जाऊ, असं नवसीच म्हणाली होती. घरोघरी फिरून तिनेच बायांना तयार केलं होतं. शेठला ते कळलं, तेव्हा त्याने निरोप धाडला, पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढू नका.

रामनाथ बाहेर आला. कारखान्याची खरेदी तो बघायचा. जवळच्याच माहीमचा, शब्दाला जागणारा माणूस. मनोरच्या बाजारात त्यानेच नवसीला भाव सांगितला होता. "आणा तुम्ही, मी घेतो," असंही म्हणाला होता.

"गुजरातेत भाव मागेच पडला," तो म्हणाला. "मग नागपूरकडे पडला. मला वाटलं, आपल्याकडे यायला वेळ लागेल. सकाळी मुंबईच्या मुख्य ऑफिसातून फोन आला, बियांची खरेदी बंद."

"कमी भावानं घ्या, सायेब."

"कोणत्याच भावाने घेत नाहीत, बाई."

नवसी एक पाऊल पुढे आली. मग म्हणाली, "शेठ आता आमाला दारात उभं करनार नाय. पोरांना लावनीपरेंत तरी भात पुरायला होवा."

रामनाथ पुन्हा आत गेला. मॅनेजरच्या खोलीत तो बराच वेळ होता. तोवर टेम्पोवाल्याला दुसरं भाडं मिळालं. त्याने पोती रस्त्याच्या कडेला उतरवली आणि तो निघून गेला. ठकी रडू लागली. लाडकी नुसती नवसीकडे बघत राहिली. त्या बघण्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं नवसीला वाटलं.

तेवढ्यात एक ट्रक आला. त्यात निळी पिंपं रचलेली होती. पहारेकऱ्याने काही न विचारता फाटक उघडलं.

रामनाथ परत आला तो रिकाम्या हातांनीच. नवसीने ट्रककडे बोट दाखवलं.

"ह्ये काय हाय?"

"तेल. मलेशियाचं. समुद्रापलीकडून बोटीने येतं. आपल्या बियांपेक्षा स्वस्त पडतं."

"झाडाचं हाय?"

"हो. ताडासारखं झाड असतं. त्याला फळांचे घड लागतात."

"फळं कोन येचतं?"

"मजूर. खाली पडलेली बहुतेक बायाच वेचतात म्हणे."

नवसी पोत्यावर बसली. पिंपं एकेक करून आत उतरत होती. ती उतरवणारी माणसं हिंदीत एकमेकांना सांभाळून घ्यायला सांगत होती.

"त्या बायांना तरी बरा भाव भेटतो का?" तिने विचारलं.

रामनाथला खोटं सांगता आलं असतं. "नाही," तो म्हणाला. "सगळ्यात आधी भाव पडला तो तिथेच. म्हणून तर हे इथे आलं."

नवसीने ठकीला जवळ ओढून घेतलं. 

"मंग त्यांच्या पोरांनी काय खाल्लं असंल?" ती म्हणाली.