सातवी खानावळ

बुर्गलने सुरी मागितली आणि पाचव्या खानावळीचा निकाल तिथेच लागला. शिळ्या पावाचा क्नोडल, म्हणजे रश्शात वाढतात तो उकडलेला गोळा, चमच्याच्या कडेने फुटला पाहिजे. त्याला सुरी लावायची म्हणजे रांधणाऱ्याचा हात दगडाचा आहे असं चारचौघांत सांगायचं. बुर्गलने ती मुद्दाम मोठ्या आवाजात मागितली, अर्धा गोळा ताटात ठेवला आणि स्की बांधून घरी निघाली.

संत जोसेफच्या सणाला नऊ दिवस उरले होते. त्या दिवशी गावकरी डोंगरावरच्या आठही खानावळींचे क्नोडल चाखणार होते. ज्याचे उत्तम, त्याला लिफ्टवाले शिखरावरचं नवं उपाहारगृह चालवायला देणार होते. स्कीवाल्यांना डोंगरावर नेणारी जुनी लिफ्ट उन्हाळ्यात काढून टाकणार होते. ती गेली की बुर्गलच्या खानावळीकडे कुत्रंही फिरकणार नव्हतं. आजीने पेटवलेली चूल आपल्या हातून विझावी हे तिला सहन होणारं नव्हतं. तिने मनाशी ठरवलं होतं, आपली सोडून बाकीच्या सातही ठिकाणी स्वतः जेवायचं, सगळ्यात चांगलं कोण करतं ते शोधायचं आणि मग त्याच्यावर मात करायची.

तिच्या घरात चूल आईकडून लेकीकडे जायची. पुरुषांनी बर्फ उपसायचा, लाकडं फोडायची, गिऱ्हाइकांचे पेले भरायचे. तिचा नवरा काश्पर पलीकडच्या दरीतून घरजावई होऊन आला तेव्हा त्यालाही फावडं आणि बर्फगाडीची किल्ली मिळाली. तो रोज दहाला सामान आणायला खाली जायचा आणि साडेतीनला परतायचा. खाली गर्दी फार, एवढंच सांगायचा. बुर्गलही जास्त विचारत नसे, तिला कामं कमी होती का?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नव्या गोळ्यांचं पातेलं टेबलावर आदळलं.

"खाऊन सांग."

काश्परने एक घास खाल्ला. "जायफळ जरा कमी घाल."

"तू गाडीत डिझेल घाल. जायफळाचं मी बघते." तिने पातेलं ओढून घेतलं. "गुरुवारी फिलोमेनाकडे जाणार आहे."

काश्पर बूट चढवत होता. "तिच्याकडे? तुम्ही दोघी तर बोलत नाही."

"बोलायला नाही, जेवायला जातेय."

"गुरुवारी ना?"

"गुरुवारी. का, तुझी काही हरकत?"

"मला कसली हरकत," काश्पर म्हणाला आणि गाडी काढायला गेला.

बुधवारी सहाव्या खानावळीत तिला पाणचट रस्सा मिळाला. तिचं डोकं फिरलं. एक दिवस फुकट गेला होता आणि पोटही रिकामं होतं. ती तशीच लिफ्टपाशी आली. लिफ्टवर बसणारा गिडो तिच्या शाळेतला.

"फिलोमेनाकडे हल्ली काय चाललंय रे?" तिने विचारलं. "चार हिवाळ्यांपूर्वी तिथे कोणी पाणी प्यायलाही थांबत नव्हतं."

"आता उभं राहून जेवतात लोक."

"रांधतं कोण?"

गिडो तिच्याकडे बघत राहिला. "तुला माहीत नाही?"

"माहीत असतं तर तुझ्या तोंडी लागले असते का?"

"आहे एक. बाहेरून आलेला." गिडोने टोपी खाली ओढली. "जा की. जेवायची वेळच आहे."

बाहेरचा म्हणजे कोणी इटलीचा नाहीतर हंगेरीचा असणार. म्हणजे पगारी माणूस, बुर्गलने हिशेब केला, आणि फिलोमेनाच्या उतारावर स्की सोडल्या.

फिलोमेनाने तिला दारातच ओळखलं. बारा वर्षांत दोघींनी एकमेकींचा उंबरा ओलांडला नव्हता. बुर्गल भांडायच्या तयारीनेच आली होती, पण फिलोमेनाने कोपऱ्यात जागा करून दिली आणि वाडगा पुढे ठेवला.

"आधी खा. मग काय म्हणायचंय ते म्हण."

चमचा टेकला आणि गोळा फुटला. बुर्गलने पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि तिला हेवा वाटला. मग हेवाही विसरली. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं, तिच्या आईच्या हातूनही नाही, हे तिला त्या कोपऱ्यात बसून स्वतःशी कबूल करावं लागलं. तिने वाडगा पुसून खाल्ला.

बरं, आपल्याला जमत नाही तर नाही. जमतं त्याला घेऊन जायचं.

"तुझ्या आचाऱ्याशी बोलायचंय," ती म्हणाली.

फिलोमेना टेबल पुसत होती. "बोल की. मी कशाला अडवू? पळवायचा विचार असेल तर पळव, तुझा हक्क आहे."

हे असं का बोलली त्याचा विचार करायला बुर्गलला सवड नव्हती. तिने स्वयंपाकघराचं दार ढकललं. आत वाफच वाफ होती. चुलीपाशी एक पुरुष पाठमोरा उभा होता, डोक्याला पांढरं फडकं बांधलेलं. दोन पोऱ्यांना तो हळू आवाजात हुकूम सोडत होता आणि ते धावत होते. एवढ्या ताठ पाठीचा पुरुष बुर्गलच्या ओळखीत नव्हता.

"ऐक," ती दारातूनच म्हणाली. "आडवळणाने बोलायची मला सवय नाही. इथे मिळतं त्याच्या दुप्पट देईन. चूल सगळी तुझ्या हातात. मी मध्ये बोलणार नाही, माझी आई बोलणार नाही. राहायला खोलीसुद्धा देईन."

त्याने झारा बाजूला ठेवला, पण वळला नाही.

"खोली आहे मला. सतरा वर्षं तुझ्याच खोलीत झोपतोय, बुर्गल. चूल तेवढी कधी दिली नाहीस."