निअर मिस

"बाबा, आधी सगळं ऐकून घ्या. मग मारा," मिताली म्हणाली आणि तिनं फोन पुढे केला.

सुभाष तळोज्याच्या केमिकल कंपनीतून फर्स्ट शिफ्ट करून नुकताच पनवेलला घरी आला होता. पायातले बूटसुद्धा निघाले नव्हते. त्यानं मेसेज वाचले आणि त्याचं डोकंच फिरलं. गेममध्ये ओळख झालेली कुणी 'पुण्याची मैत्रीण'. महिनाभर गोड गोड बोलून आता तेरा वर्षांच्या पोरीकडे नको नको ते फोटो मागत होती. मैत्रीण कसली, कुणी बाप्याच असणार मेला! शेवटी तर सरळ धमकीच होती. 'नाही पाठवलेस तर तुझ्या बाबांना सांगेन. बघ मग काय होतं.'

त्या हरामखोराला सुभाषचा राग बरोबर ठाऊक होता. पोरीनंच कधीतरी सांगितला असणार. अख्ख्या आळीला ठाऊक होता, तर पोरीला नसेल?

"तू बोललीसच कशाला त्याच्याशी? फोन अभ्यासाला दिला होता ना?" तो ओरडला.

मिताली भिंतीला टेकली. "शाळेत मॅडमनी सांगितलंय, असं झालं तर घरच्या मोठ्या माणसाला सांगायचं. नाहीतर मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला फोन करायचा. मी दोन दिवस विचार केला. मग म्हटलं, बाबांनाच सांगू."

मार चुकवायला तिनं दोन्ही हात तोंडापुढे धरले. ते बघून सुभाषला एकदम कंपनीतला जुना सोबती काशीराम आठवला.

बावीस वर्षं झाली त्या गोष्टीला. सुभाष तेव्हा नवा होता. पाइपच्या जोडातून ॲसिडचे थेंब पडताना त्यानं पाहिले, पण सुपरवायझर आईबहिणीवरून शिव्या घालेल म्हणून तोंडातून ब्र काढला नाही. दुसऱ्या दिवशी तो जोड सुटला आणि काशीरामचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. काशीराम अजून डाव्या हातानं जेवतो. रस्त्यात भेटला की "काय सुभाष, बरा हाय ना?" असं विचारतो, आणि सुभाषला त्याच्या नजरेला नजर देववत नाही.

तेव्हापासून कंपनीत नियम झाला. अपघात होता होता टळला, तर साहेब लोक त्याला निअर मिस म्हणतात. तो जो कळवेल त्याला कुणी बोलायचं नाही. त्याची स्वतःची चूक असली तरी नाही. उलट सकाळच्या मीटिंगला त्याला पुढे उभं करायचं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. सुभाषला आधी हा निव्वळ पोरखेळ वाटला होता. पण नंतर त्याच्या प्लांटमध्ये कुणाचा हात भाजला नाही.

त्यानं फोन टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात उचलले. मितालीनं डोळे घट्ट मिटले.

आवाज ऐकून मितालीची आई ललिता स्वयंपाकघरातून धावत आली. "अवो, पोरीला मारू नका!"

"कोण मारतोय?" सुभाष म्हणाला. तो टाळ्या वाजवत होता. वाजवतच होता, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "लय उपकार झाले, पोरी, तू सांगितलंस. तुझी काय पण चूक नाय. मेसेज एक पण पुसू नको. आपण तिघं आताच पोलीस ठाण्यात जाऊ. आणि उद्या त्या मॅडमच्या पाया पडायला मी सोता शाळेत येतो."

ललितानं काही न विचारता लेकीला पोटाशी धरलं. मिताली पोटभर रडली. मग तिनं नाक पुसलं आणि बापाकडे पाहिलं.

"बाबा, माझ्या वर्गातल्या रुचिरालापण तो असेच मेसेज करतो. ती घरी सांगायला घाबरते. तिच्या बाबांना तुम्ही शिकवाल, टाळ्या वाजवायला?"