भुवयांची बोली

टण्णकन फुलपात्र घरंगळलं. वच्छलेला ते ऐकू आलं नाही, दिसलं. सहा वर्षांच्या लेकीच्या, बजीच्या पापण्या दचकल्या म्हणून. गिरणीतून घरी येऊन घटका झाली होती, पण कानातली गिरणी अजून सुटली नव्हती.

वळून बघते तर सासूबाई गाठोडं बांधत होत्या. वैरागहून येऊन उणेपुरे आठ दिवस, आणि दगडाबाई निघाल्या!

"आत्याबाई, हे वो काय?"

"र्‍हायचं कसं? तोंडातनं एक सबूद न्हाय तुझ्या. जेवाया बसलं की भुवया उडवतीस. परवा तर डोळं वटारलंस माझ्यावर!"

वच्छलेनं हे सारं त्यांच्या ओठांवरून टिपलं. त्या गेल्या की बजीला पुन्हा दिवसभर घरात ठेवून बाहेरून कडी घालून जायचं.

गिरणीत सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात, गरगर फिरणाऱ्या चात्यांच्या त्या घरघरीत, शब्दाला कोण विचारतं? बायका नुसत्या चेहऱ्यानं बोलतात. दहा वर्षांत ती बोली अंगात मुरली आणि कधी घरात शिरली, तिलाच कळलं नव्हतं. आता हे सांगायचं तरी कोणत्या तोंडानं?

"आजी, तवा दूध उतू चाललं व्हतं की," बजी मध्येच म्हणाली. "डोळं मोठं केलं म्हंजी, बगा बगा. आन् भुवया म्हंजी, आनखी वाडू का?"

"लई शानी! आन् आत्ता मी भाकरी थापाया उठले, तर डोळंच मिटून घेतलं हिनं. माझं तोंड बगवंना व्हय?"

"न्हाय गं. ते म्हंजी, तुमी बसा, मी करते."

वच्छला थक्क झाली. पोरीनं गिरणीचा दरवाजासुद्धा पाहिला नव्हता. कुणी शिकवलं हिला? अंगावर पिताना आईच्या तोंडाकडं टकामका बघत राहायची, एवढंच.

दगडाबाईंचा गाठीवरचा हात थांबला. सुनेकडं बघून त्यांनी अवघडत, दोन्ही भुवया एकदा उडवून पाहिल्या. वच्छलेनं सावकाश डोळे मिटले, उघडले.

म्हातारीनं तोंडाला पदर लावला. पदराच्या वर कपाळाला आठ्या होत्या, डोळे भरले होते, आणि खांदे मात्र हसल्यासारखे हलत होते. खात्याच्या पार त्या टोकाचा चेहरा वाचणारी वच्छला बघतच राहिली.

बजीनं तिचं लुगडं ओढलं.

"आई, आजी आता काय म्हनती गं?"