फळीवरचे बूट

चार वाजले की ओउलू शहरातली आमची प्रयोगशाळा रिकामी झालीच पाहिजे, हा प्रमुख हेल्वीबाईंचा नियम. बर्फातले बूट दाराशी फळीवर काढायचे, आत लोकरी चपलांत वावरायचं. फळीवर बूट दिसले, म्हणजे माणूस आत. मी नवीन, बूट पिशवीत लपवून कामाला बसले. रिकाम्या घरी जाऊन करायचं काय? पण बाई आल्याच. “उठा साइमाबाई! खिडकीतला दिवा लपवायचा राहिला. घरचे वाट बघत असतील.” “घरी कोणी नाही.” बाईंनी मला दाराशी नेलं. फळीवर एक चकचकीत जोड होता. “आत कोणीतरी राहिलंय,” मी म्हणाले. “ते एरोचे, इथल्या जुन्या संशोधकाचे. रात्रंदिवस इथेच असायचा. टेबलावरच कोसळला, चपलांतच गेला. बूट न्यायला कोणीच आलं नाही. दर शुक्रवारी मीच पुसते.” मी पिशवीतले बूट चढवले. त्या म्हणाल्या, “तुझे मला पुसायला लावू नकोस.”