राखणदार

नाशिकच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली. पुंजाच्या मेंदूत लिंबाएवढी गाठ होती. "ऑपरेशन नको," नवसाबाई म्हणाली, "धनी वाघावाणी हायेत. त्यांचं अंगच गाठ जिरवील." "अंगातले राखणदार गाठीपर्यंत पोचलेत, मावशी," डॉक्टर म्हणाले, "पण तिनं त्यांना फितवलंय. तेच आता तिला पोसताहेत." नवसाबाईला पटलं नाही. वीस वर्षं डबा बडवून पाखरांपासून द्राक्षबाग राखणारा तिचा माणूस, त्याच्या अंगात फितुरी कसली? नवऱ्याला घेऊन ती घरी आली. चौथ्या दिवशी सकाळी बागेतला डबा वाजेना. ती धावत गेली. पुंजा वेलीखाली बसून साळुंक्यांपुढे एकेक द्राक्ष टाकत होता. डबा घडांनी भरला होता. तिनं तो उपडा केला, बडवायला काठी उचलली. पुंजानं तिचा हात धरला. "अगं, गप की," तो हसून म्हणाला, "आपलीच पाखरं हायेत."