आधी क्लच

"सगळ्यात मोठा टर्बो बसवा," ती मेकॅनिकला म्हणाली. "रविवारच्या शर्यतीत धाकट्या जावेपुढे पुन्हा नाक कापून घ्यायचं नाहीये मला."

स्टुलावर बसलेला नवरा खाकरला. "आधी क्लच बदला. तिसऱ्या गिअरला इंजिन ओरडतं, पण गाडी त्या मानानं पळत नाही. क्लच घसरतोय. त्यावर मोठा टर्बो म्हणजे फाटक्या पिशवीत आणखी भाजी!"

मेकॅनिक गाडी फिरवून आला आणि टर्बोचा खोका त्यानं फळीवर परत ठेवला.

ती नवऱ्याकडे बघतच राहिली. "अहो, पण तुम्ही तर माझ्या शेजारी डोळे गच्च मिटून बसता!"

"मग दुसरं काय करणार? गाडीच ऐकत बसतो."