पेंढ्याचा हॅरी

चहा नको, खायलाही नको, असं डेलिथने दोनदा सांगून पाहिलं. तरी मार्गेडकाकूंनी मनुकांच्या पावाची जाड कापं तिच्यापुढे ठेवली आणि वर सढळ हाताने लोणी फासलं. पेनलानच्या शेतघरात शिरलेलं माणूस कधी उपाशी बाहेर पडत नाही. डेलिथने मात्र बशीला हात लावला नाही.

"शनिवारी मशाल मी धरणार नाही," ती म्हणाली. "तेवढंच सांगायला आले होते."

काकूंच्या यजमानांनी, इड्वलकाकांनी, कानातलं यंत्र नीट बसवलं. मशाल कुणाच्या हाती द्यायची हे गेली कित्येक वर्षं तेच ठरवत आले होते, आणि आजवर त्यांना कुणी नाही म्हटलं नव्हतं.

दर ऑक्टोबरात या दरीतले लोक हॅरी कदूगनचा पेंढ्याचा पुतळा करून चॅपलसमोर, म्हणजे प्रार्थनाघरासमोर, मशालीने जाळत. पावणेदोनशे वर्षांपूर्वी इथल्या सात पोरांनी ओळखू येऊ नये म्हणून आईबहिणींचे झगे अंगावर चढवून टोलचं फाटक कुऱ्हाडींनी फोडलं होतं. हॅरीने सरकारला त्यांची नावं सांगितली, आणि सातही जणांना जहाजात कोंबून ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर धाडलं गेलं. त्या सातांतला एक तरी आपल्या घरचा, असं दरीतलं घर न् घर छातीठोकपणे सांगे. आणि दरीत कदूगन नावाचं आज औषधालाही कुणी उरलेलं नाही, याचं सगळ्यांना भारी समाधान होतं.

डेलिथ माहेरची हॅरिस, जन्म इथलाच. पण तीस वर्षं कार्डिफला दवाखान्यात नोकरी केली आणि नवरा गेल्यावर परतली, तर दुकानात लोक तिच्याशी इथली भाषा सोडून इंग्रजीत बोलायला लागले. पाहुण्यांशी बोलतात तसं. ते तिला फार लागत होतं. काकांनी मशालीसाठी तिचं नाव काढलं त्या दिवशी ती घरी जाऊन चक्क रडली. अट एकच, आणि ती जुनीच होती. मशाल धरणाऱ्याने फाटक फोडलं त्या काळापर्यंतचं आपलं कुळ स्वतः शोधायचं आणि काकांना येऊन सांगायचं.

मग ती ब्रश आणि बादली घेऊन कबरस्तानात जाऊ लागली. शेवाळ खरवडायचं, नाव वाचायचं, पुढच्या दगडाकडे सरकायचं. हॅरिस भरपूर सापडले. सगळ्यांत जुना जॉन हॅरिस. त्याच्या आधीचा मात्र एकही हॅरिस नव्हता. महिनाभर ती जॉनचा बाप हॅरिसांमध्ये शोधत बसली. इथे जन्मून आपल्याला साधी गोष्ट कशी सुचली नाही, याची तिला नंतर लाज वाटली. त्या काळी दरीत आडनाव नसायचंच. बापाचं नाव पोराच्या मागे लागायचं आणि नातवापाशी तेही बदलायचं. म्हणजे जॉनचा बाप हॅरिस नव्हे. बापाचं पाळण्यातलं नाव हॅरी, आणि हॅरीचा पोरगा तो हॅरिस.

आणि जॉनच्या दगडावर, इथल्या रीतीप्रमाणे, तो कुठल्या शेतावर जन्मला तेही कोरलेलं होतं. ब्लाएनकुम. ते शेत हॅरी कदूगनचं, हे दरीतलं शेंबडं पोरही सांगेल.

कदूगन हे तर हॅरीच्या बापाचं नाव. ते हॅरीपाशीच थांबणार होतं. थांबलं ते नाव, वंश नव्हे.

डेलिथने हे सगळं एका दमात सांगितलं. सांगताना तिने नजर वर केली नाही. लपवलं असतं तर चाललं असतं, असंही ती म्हणाली, पण आपल्याच खापरपणजोबाला आग लावताना वरून सातांपैकी कुणाला तरी आपला पूर्वज म्हणायचं, हे तिच्याने होणार नव्हतं. बोलून झाल्यावर तिला एकदम हलकं वाटलं. आता दरीने तोंड फिरवलं तर फिरवलं. कार्डिफला बहीण होतीच.

"आणखी कुणापाशी बोललीस?" काकांनी विचारलं.

"नाही."

"बरं केलंस."

मार्गेडकाकू उठल्या आणि त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. डेलिथने कोटाची बटणं लावायला घेतली.

"बस खाली," काका म्हणाले. "जॉनच्या वंशातली ना तू? मी लीसाचा. लीसा म्हणजे हॅरीची थोरली. आणि ही रीसची, मधल्याची."

डेलिथ परत खुर्चीत बसली. काकू गालातल्या गालात हसत होत्या.

"आजवर मशाल ज्याने ज्याने धरली, त्याने आधी या टेबलाशी बसून हेच सांगितलंय," काकू म्हणाल्या. "पोस्टातली ग्लॅडिस तर हुंदके देत होती. जे खोटं कुळ रचून आले, त्यांना आम्ही पाव खायला घातला आणि घरी पाठवलं. चल, आता तू पुरती इथली झालीस. खा."

डेलिथच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याबरोबरच हसूही फुटलं. तिने काप उचललं आणि मोठा घास घेतला. तो गिळून झाल्यावर तिला आठवण झाली.

"पण काका, मग त्या सातांच्या वंशातलं कोण?"

"त्यांतल्या एकाचंही लग्न झालं नव्हतं, पोरी, आणि परत कुणी आलं नाही," काका म्हणाले. "हॅरीला मात्र अकरा पोरं होती."